नाकारलेला खोपा

मी अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावात राहते आणि रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर मुलांचा वाचनवर्ग घेते. पहिली ते पाचवीची पोरं येतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि मोबाइलवर हिंदी, असं त्यांचं सगळं चाललेलं असतं. माझ्या पेटीत नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, एकलव्य यांची चित्रपुस्तकं आहेत, आणि शहरातून कोणी पाहुणा आला की त्याच्या हातून आणखी चार-दोन येतात. या पेटीतून वाचता वाचता आम्ही स्वतःचं एक चित्रपुस्तक केलं. ते कसं झालं ते सांगते, कारण असं काही करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना त्यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

निसर्गातलं एखादं उदाहरण घेऊन मुलांना आत्मविश्वास द्यायचा, अशी पुस्तकं आता पुष्कळ निघतात. छोटं बी असतं, त्याचा मोठा वृक्ष होतो. सुरवंटाचं फुलपाखरू होतं. बारीकसा झरा समुद्राला मिळतो. शेवटच्या पानावर सांगितलेलं असतं की तूही स्वतःवर विश्वास ठेव. चित्रं फार देखणी असतात आणि मुलं ती डोळे भरून बघतात. या पुस्तकांमागची कळकळ खरी आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण मोठ्यानं वाचून दाखवायला लागलं की पुस्तकाचा कस लागतो. सुरवंटाचं एक पुस्तक वाचून झालं तेव्हा दुसरीतला एक मुलगा सरळ म्हणाला, "ते तं आपोआप व्हस."

त्याचं बरोबर होतं. सुरवंटाला विश्वास असो की नसो, पाला मिळाला आणि कोणी खाल्लं नाही तर त्याचं फुलपाखरू होतंच. त्यात त्यानं धीर कुठे धरला? शिवाय आमच्याकडची पोरं कापसाच्या शेतात वाढलेली. त्यांच्या घरात बोंडअळी हा चिंतेचा विषय असतो. अळी बोंड पोखरते, बाप फवारणीचा पंप पाठीवर घेतो, आणि तरीही वेचणीला कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस निघतो. अशा मुलासमोर अळीला आदर्श म्हणून ठेवायचं तर आधी त्याच्या घरचं जग बाजूला सारावं लागतं. बर्फातलं अस्वल आणि लाल पानांचं जंगल यांचंही तेच. ती चित्रं बघायला मुलांना आवडतात, आवडावीतच. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि त्या उन्हात तग धरणारं जे काही आजूबाजूला आहे ते मात्र पुस्तकात कुठेच नसतं.

त्याच सुमारास मी अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचत होते. 'मला हे जमेल' ही भावना माणसात कुठून येते याची त्यानं 1977 च्या निबंधात मांडणी केली आहे. त्यानं चार उगम सांगितले: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कोणी धीर देऊन सांगणं, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यात सगळ्यांत भक्कम पहिला. नुसतं 'तुला जमेल' असं सांगण्याचा परिणाम त्यामानानं कमकुवत, अनुभव उलटा आला की लगेच विरणारा. हे वाचल्यावर माझ्या पेटीतल्या कितीतरी पुस्तकांची शेवटची पानं आठवली. ती सगळी सांगण्यावर भिस्त ठेवून होती. पुस्तकाला मुलाच्या हातून काम करवून घेता येत नाही हे खरं, पण पुस्तक करताना ते करवून घेता येईल असं मला वाटलं. म्हणून मुलांनीच पुस्तक करायचं ठरवलं.

विषय सुगरणीचा निघाला, तो मुलांकडूनच. आमच्या शिवारात विहिरीवर वाकलेल्या बाभळींना पावसाळ्यात खोपे लटकतात आणि ते सगळ्यांनी पाहिलेले. पण पाहिलेले म्हणजे रिकामे, वाऱ्यानं खाली पडलेले, कोणीतरी घरी आणून दाराला टांगलेले. बांधताना फारसं कोणी पाहिलं नव्हतं. मग मृगाचा पाऊस होऊन बाजरी गुडघाभर आली तसे आम्ही जायला लागलो. विहिरीपासून लांब, बांधावर बसायचं, मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय निघायचं नाही, आणि बोलायचं नाही. शेवटचं पाळायला सगळ्यांत अवघड गेलं.

जे दिसलं त्यानं मुलांच्या आधी मीच थक्क झाले. खोपा बांधतो तो नर. विणीच्या हंगामात त्याचं डोकं आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. तो बाजरीच्या पानाच्या कडेला चोचीनं चिरा देतो, त्या चिऱ्याचं टोक धरतो आणि उडतो, की पानाची लांब पात सरकन फाटून त्याच्याबरोबर जाते. असे सुमारे पाचशे हेलपाटे एका खोप्याला लागू शकतात, आणि पुरा व्हायला अठराएक दिवस. खोपा अर्धा झाला की तो वरून घुमटासारखा दिसतो, खालून उघडा, मध्ये एक आडवी दांडी. इथवर यायला आठवडाभर लागतो. या टप्प्यावर नर काम थांबवतो, खोप्याला लटकून पंख फडफडवतो, ओरडतो, आणि मादी येऊन तपासते. आत शिरते, चोचीनं ओढून पाहते. पसंत पडलं तर पुढची नळी विणली जाते. नाही पडलं तर ती निघून जाते, आणि तो अर्धा खोपा तसाच राहतो.

पक्षीतज्ज्ञ सालीम अलींनी अलिबागजवळ किहीमला या पाखरांचं बारकाईनं निरीक्षण केलं होतं आणि नर एकामागून एक खोपे कसे बांधत जातो हे नोंदवलं होतं. ती माहिती मी मुलांना सांगितली, पण पाहिल्यानंतर. आधी सांगितली असती तर त्यांनी फक्त ताडून पाहिलं असतं.

मादी उडून गेली तेव्हाची शांतता मला आठवते. सगळ्यांच्या नजरा त्या नराकडे. चौथीतल्या एकीनं हळूच विचारलं, "त्याले राग येस नई का?" तो थोडा वेळ खोप्यावरच बसून होता. मग बाजरीकडे गेला आणि नवी पात घेऊन आला. ती मात्र त्यानं शेजारच्या फांदीला बांधायला घेतली.

पुस्तक मिळालं ते इथे. कोळ्याची आणि राजाची गोष्ट आपल्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. कोळी पडतो, पुन्हा चढतो, शेवटी पोचतो. त्या गोष्टीत कोळ्याला जमत नव्हतं आणि मग जमलं. इथे तसं नाही. या नराला जमलेलंच होतं. खोपा वाऱ्यात टिकला होता, वीण घट्ट होती, आणि तरी दुसऱ्या कोणीतरी तो नको म्हटला. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांचं दुःख बहुतेकदा या जातीचं असतं. ज्या पोरीनं रागाचं विचारलं ती कुठल्याही कामाला आधी "माले येस नई" म्हणते. तिला येत नाही असं नाही. तिनं केलेलं कोणी तरी, कधी तरी, दोन मिनिटांत बाजूला सारलेलं आहे. अशा मुलाला 'प्रयत्न कर' सांगून काय उपयोग? तिनं प्रयत्न केलेलाच होता.

पुढचे काही रविवार आम्ही पुस्तक लिहिलंच नाही. विणत बसलो. बाजरीची, उसाची, शिंदीची पानं चिरून पाती काढायच्या आणि बाभळीच्या वाळक्या फांदीला गाठ मारून पाहायची. काटे टोचतात, पात वाळली की तुटते, फार ओली असली की निसटते. चोचीसारखं एकच टोक वापरायचं असा नियम मुलांनी स्वतःच केला: चिमट्यानं किंवा दोन बोटांनी. बहुतेकांची गाठ फांदी हलवली की सुटायची. त्या चौथीतल्या मुलीची टिकली. तिचे आजोबा दोर वळतात, त्यांच्याकडे पाहून तिच्या बोटांना काही सवय असावी. तिनं पात फांदीभोवती दोनदा घेऊन टोक खालून सरकवलं आणि आवळलं. मी काहीच बोलले नाही, मुद्दामच. शेजारच्या मुलानं विचारलं, "कशी केली?" आणि तिनं त्याला दाखवली, मग दुसऱ्याला, मग माझ्याही बोटांना धरून. ती अजूनही मोठ्यानं वाचायला उभी राहत नाही. तेवढ्यानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पण गाठ कोणाला विचारायची हे आता सगळ्या वर्गाला माहीत आहे.

मग मजकूर. चित्रपुस्तकात शब्द फार थोडे लागतात आणि ते थोडे असल्यानंच कठीण असतात. चित्रात दिसतंय ते शब्दांनी पुन्हा सांगायचं नाही, हा पहिला नियम. 'पिवळा नर हिरवी पात घेऊन उडाला' असं लिहिलं तर चित्र कशाला? दुसरा नियम पान उलटण्याचा. उजव्या पानाच्या शेवटी असं काही हवं की पुढे काय झालं हे पाहण्यासाठी मुलाचा हात आपोआप कोपऱ्याकडे जावा. आम्ही वहीची पानं दुमडून कच्ची प्रत केली, पेन्सिलीनं नुसते आकार काढले आणि गोलात बसून वाचली. मुलं जिथे चुळबुळ करतील तिथे खूण. हे पुन्हा पुन्हा केलं. प्रत्येक वेळी शब्द कमी झाले.

मादी येते त्या ठिकाणी आता एवढंच आहे: "ती उनी. देखं. उडी गयी." (ती आली. पाहिलं. उडून गेली.) त्याच्या पुढच्या दोन पानांवर एकही शब्द नाही. डावीकडे अर्धा खोपा आणि त्यावर बसलेला नर, उजवीकडे लांब जाणारी मादी, मध्ये पावसाळी आभाळ. या जोडपानासाठी मी हट्ट धरला. गावातल्या एका शिक्षकांनी कच्ची प्रत पाहून आपुलकीनं सुचवलं की इथे एक ओळ हवी, 'तरीही तो खचला नाही' अशी, आणि शेवटी तात्पर्य. त्यांचा हेतू चांगला होता आणि शाळेत पुस्तक जायचं तर तात्पर्याची सवय आहे हेही खरं. पण ते पाखरू खचलं की नाही खचलं हे आम्हाला कुठे माहीत? आम्ही पाहिलं ते एवढंच की तो बसला, मग उठला. ते पान मोकळं ठेवलं की मूल स्वतःचं काहीतरी तिथे आणून ठेवतं. वाचताना मी त्या पानावर थांबते, कितीही वेळ लागला तरी. एका मुलीनं तिथे सांगितलं की तो घरी जाऊन जेवला असेल. एकानं सांगितलं की तो रडला, पण झाडामागे. माझ्या ओळीनं यातलं काहीच बोलू दिलं नसतं.

पान उलटलं की: "तो परत पात लई उना." (तो परत पात घेऊन आला.)

अहिराणीबद्दलही विचारणा झाली. मुलांचं मराठी बिघडेल ही काळजी आमच्याकडे पालकांनाच जास्त असते, शिक्षकांपेक्षाही. आम्ही वर अहिराणी आणि खाली मराठी ठेवली, दोन्ही सारख्याच आकाराच्या अक्षरांत. अहिराणी बारीक अक्षरात घालायचा एक विचार पुढे आला होता, तो मला मान्य नव्हता. मुलाला जो विश्वास द्यायचा त्याच पुस्तकात त्याच्या घरची बोली दुय्यम दिसली तर आपण एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घेतो.

खरं काय आणि पुस्तकात किती, यावर आमचा बराच वेळ गेला. आज्या सांगतात की सुगरण खोप्यात उजेडासाठी ओल्या मातीत काजवा चिकटवते. मातीचे गोळे खोप्यात खरोखर असतात, काजव्याचं मात्र खरं नाही. मुलांना काजवा हवा होता. शेवटी माती ठेवली, आणि काजवे बाहेर, बांधावरच्या अंधारात काढले, जिथे ते असतातच. त्याहून अवघड प्रश्न शेवटाचा होता. दुसरा खोपा पसंत पडतो हे आम्ही दाखवलं. पण प्रत्येक नराचा कुठला ना कुठला खोपा पसंत पडतोच असं नाही, आणि मुलांना तसं भासवणं मला नको होतं. उत्तर एका मुलाच्या प्रश्नातून आलं: "मंग पहिला खोपा कोना?" (मग पहिला खोपा कोणाचा?) सुगरणींनी सोडलेल्या खोप्यांत मुनिया नावाची छोटी पाखरं राहतात. म्हणून शेवटच्या चित्रात नाकारलेला खोपा तसाच लटकतो आणि त्यातून मुनियेचं डोकं बाहेर आलेलं आहे. शेजारच्या झाडावर आणखी एक नर आहे, त्याचा खोपा अजून अर्धाच. त्याचं काय होतं ते पुस्तक सांगत नाही.

एका काकांचा आक्षेप मी मनापासून ऐकून घेतला. त्यांचं म्हणणं, ही पाखरं आमचं कणीस खातात, आम्ही गोफण घेऊन माचाणावर उभे राहतो, आणि तुम्ही त्यांचं कौतुक छापता. खरं आहे. सुगरण दाणे खाते. म्हणून एका पानावर माचाण आहे, गोफण हातात घेतलेला माणूस आहे, आणि उडणारा थवा आहे. शेतकऱ्याच्या पोराला पाखराचं कौतुक दाखवायचं तर त्याच्या बापाची मेहनत चित्राबाहेर ठेवून चालणार नाही.

चित्रं मुलांनी केली, कोलाजनं. खोपे खऱ्या पातींचे चिकटवलेले, पाखरं रंगीत कागद फाडून, आभाळ पाणरंगात. चिकटवलेल्या पाती वाळून चार दिवसांत हिरव्याच्या पिवळट होतात, त्यामुळे चित्र झालं की त्याच दिवशी फोटो काढायचा, तोही सकाळच्या उजेडात ओट्यावर, सावली पडू न देता.

छपाईतलं थोडक्यात. पानं सोळा, कारण मध्ये पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. आकार साडेआठ इंची चौकोन, 13 बाय 19 इंचाच्या डिजिटल शीटवर दोन पानं शेजारी बसतात आणि कडेनं कापायला जागा उरते. प्रती थोड्या असल्यानं ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च परवडत नव्हता, डिजिटलच बरं पडलं. बिनशब्दांचं जोडपान मुद्दाम बरोबर मधोमध, आठ आणि नऊवर घेतलं. पिन मारलेल्या पुस्तकात तेवढीच दोन पानं एका अखंड कागदाची असतात, त्यामुळे चित्र जुळवावं लागत नाही. घडीत पिन येते म्हणून तिथे फक्त आभाळ. कागद 170 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 170 ग्रॅम वजनाचा) मॅट, चकचकीत कागदावर ओट्यावरच्या उन्हात काही दिसत नाही. पडद्यावरचा पोपटी छपाईत मळकट उतरतो, तो एकदा नमुना काढून, पिवळा वाढवून दुरुस्त करावा लागतो. मजकूर युनिकोडमध्ये दिला होता. छापखान्यात तो जुन्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं तुटली, अहिराणीतली तर जास्तच, म्हणून शेवटी मजकुराचीही चित्रासारखी पीडीएफ करून दिली. हे आधी विचारून घेतलेलं बरं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन करता येतो. आम्ही तो घेतला, कारण मुलांना आपलं पुस्तक दुकानातल्यासारखं हवं होतं, मागे पट्ट्यापट्ट्यांचा कोड असलेलं.

पुस्तक आलं त्या रविवारी मी ते वाचून दाखवलं नाही. मुलांनी आपापल्या घरी नेलं आणि आजीला, आईला वाचून दाखवलं. अहिराणी ओळी वाचता आल्या म्हणून नव्हे, तर त्या वाचल्यावर आजी मध्येच बोलायला लागली म्हणून मुलं खूश होती. कोणाच्या आजीनं काजवा का नाही म्हणून जाब विचारला. शेजारच्या गावातल्या दोन शाळांनी प्रती नेल्या. तिथल्या शिक्षकांना मी एकच विनंती केली आहे की मधल्या जोडपानावर 'यातून काय शिकलात' असं विचारू नका, 'तो आता काय करत असेल' असं विचारा.

आता मुलांना पुढचं पुस्तक हवंय आणि विषय केळीचा निघालाय. त्या गाठवाल्या मुलीचा मामा रावेर तालुक्यात केळी लावतो. घड कापला की केळीचं खोडही कापतात, आणि बुंध्याशी आलेला पील, म्हणजे नवा कोंब, वाढतो, पुढच्या वर्षी त्याला घड. पील म्हणजे जुनीच केळ की वेगळी, यावर आत्ताच दोन तट पडलेत, आणि माझंही अजून ठरलेलं नाही. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागण ऑक्टोबरात सुरू होते, तेव्हा तिकडे जाऊन बघायचं आहे. तिकडची बोली लेवा, त्यामुळे यातले संवाद तिची मामेबहीण लिहून देणार आहे.